गोळी मीच मागितली

नागावात खोली बघायला गेले तेव्हा त्या माणसानं माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. पडवीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, पयला हात द्या. बाकीचा मागाहून."

मी घाटावरची, इथल्या शाळेत बदलून आलेली. परक्या पुरुषानं असा हात मागितला तर आमच्याकडे तो गालावर मिळतो. पण तेवढ्यात त्यांनी खिडकीच्या गजाला लटकवलेली पिशवी काढली, पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं आणि माझ्या दंडाला पट्टा गुंडाळायलाही लागले. आकडा बघून त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, आपलं आता काही खरं नाही.

"चढा हाय. मागची खोली घ्या. जिना चढावा लागनार न्हाय."

त्या घरात वरच्या मजल्यावर दोन हवेशीर खोल्या होत्या, तिथून समुद्र दिसायचा. मला मिळाली ती पाण्याच्या पंपाशेजारची तळमजल्यावरची. माझा दाब त्या दिवशी त्यांच्यामुळेच वाढला होता, हे मी पुढं कितीदा तरी सांगितलं. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांना कुणाचंच काही पटत नसे.

मी त्यांना मालक म्हणायची. गाव बीपीशेठ म्हणायचं, तोंडावरसुद्धा. नारळ-सुपारीची वाडी, पुढं पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या, मागं घर. शनिवारी मुंबईची माणसं गाड्या भरून यायची आणि मालक खोलीची चावी मुठीत धरून पट्टा पुढं करायचे. एकदा एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. नवऱ्याचा दाब जास्त निघाला. मालकांनी त्या पोरीकडे बघून विचारलं, "आताच येवडा? घरी काय बोललीस काय ह्याला?" ती दोघं शेजारच्या घरात राहायला गेली. मालकांना त्याचं काही वाटलं नाही. "जाऊ दे. तिकरं मासं तलून घालतील, मंग कलेल," एवढंच म्हणाले.

कुणाचं भांडण घेऊन माणसं आली तरी तेच. बांधावरून दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर गेलेले, मालक आधी दोघांचे दाब मोजायचे, आणि ज्याचा जास्त त्याला गप्प बसवून दुसऱ्याचं ऐकायचे. हा न्याय झाला का? मी एकदा विचारलं. म्हणाले, "ज्याचा दाब चरला त्याला स्वताचाच आयकू येत न्हाय, बाई. तो काय सांगनार?"

ह्या वेडाला कारण होतं. त्यांचं मूळ घराणं मिठागरवाल्यांचं, उरणच्या बाजूचं. त्यांचे वडील मिठाच्या वाफ्यात दाबानं कोसळले आणि पुढं कित्येक वर्षं अर्धं अंग घेऊन खाटेवर राहिले. मोठा भाऊही दाबानंच गेला, पण तो उभ्याउभ्या. मालकांनी वडिलांचं सगळं केलं होतं, भरवण्यापासून धुण्यापर्यंत. तेव्हापासून त्यांना मरणाची भीती नव्हती, खाटेची होती. म्हणून मिठागरवाल्याच्या घरात मीठ बंद. आगरी घरातलं कोळंबीचं कालवण, आणि त्यात मीठ नाही! मी एकदाच त्यांच्या पानाला बसले आणि दुसऱ्यांदा बोलावल्यावर संकष्टी सांगितली.

त्यांची बायको मी यायच्या आधीच गेली होती. मुलगा कंटेनरच्या ट्रेलरवर, आज बंदरात तर उद्या गुजरातेत. घर चालवायची ती सून, वनिता. रेवदंड्याची, अंगानं बारीक, बोलणं कमी, कामाला वाघीण. माझ्या खोलीत ती मीठ खायला यायची. अगदी खरं सांगते. कैरीची फोड घेऊन यायची, माझ्या बरणीतलं मीठ लावायची आणि डोळे मिटून खायची. मालकांचा आवाज आला की तोंड पुसून बाहेर.

तिच्यावर घरातलं एकच काम असं होतं की ज्यात चूक चालत नसे: मालकांची दाबाची सकाळची गोळी. चहानंतर पेल्यात पाणी आणि तळहातावर गोळी. "आभाल परला तरी गोली चुकवाची न्हाय," हे त्यांचं घरातलं एकमेव शास्त्र. मुलाच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी भटजींना थांबवून गोळी घेतली होती. एकदा वनिता माहेरून उशिरा परतली आणि गोळी दुपारी दिली, तर हा माणूस दिवसभर तिच्याशी बोलला नाही. ओरडले असते तर बरं, पण ओरडल्यानं दाब वाढतो ना. ती बिचारी भिंतीला धरून कामं करत होती. तेव्हा मला मालकांचा असा राग आला होता की माझा पट्टा फुटला असता.

ज्या रविवारी ते पडले त्या सकाळी गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. पंप बंद करायला वनिता धावली, पण मालकांना टाकीचं झाकण बघायचं होतं. लोखंडी शिडी ओली. मला धप्प असा आवाज आला. मी बाहेर आले तर ते धुण्याच्या दगडाशी उताणे पडलेले, मान एका बाजूला, डोळे उघडे. रक्ताचा थेंब नाही. मला वाटलं, वाचले.

"बाई," ते म्हणाले, "माजं पाय कुटं हायेत?"

पाय तिथंच होते, लुंगीतून बाहेर आलेले. मी हात लावला. त्यांना कळलं नाही.

शेजाऱ्यांनी दाराच्या फळीवर त्यांना घेतलं आणि मोठ्या गाडीची मागची सीट पाडून आत सरकवलं. मी आणि वनिता दोन्ही बाजूंना बसलो. गाडी अलिबागच्या रस्त्याला लागली आणि वनितानं पदराच्या टोकाची गाठ सोडली. गोळ्यांची पट्टी. एवढ्या धावपळीत तिनं तेवढंच घेतलं होतं. स्वतःच्या पायात चपला नव्हत्या. सकाळची गोळी राहिली होती. माणूस पडलाय, घाबरलाय, म्हणजे दाब चढणार, आणि दाब चढला की ह्या घरातले पुरुष जातात. तिला हेच शिकवलेलं होतं. तिनं गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली आणि बाटलीच्या झाकणानं पाणी पाजलं. मालकांनी गोळी मागितली नव्हती. ते काहीच बोलत नव्हते. माझ्या मनात काही आलं नाही. उलट वाटलं, शहाणी आहे पोरगी.

अलिबागच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला आणि पुन्हा मोजला. तो पार खाली गेला होता. नाडी मंद, अंग मात्र गरम. वनिताच्या हातातली पट्टी त्यांना दिसली.

"ही गोळी आज दिली? कोणी दिली? अहो, मान मोडली की मेंदूचा हुकूम रक्तवाहिन्यांपर्यंत पोचत नाही. त्या सैल पडतात, दाब कोसळतो. त्यात ही वरून दाब पाडायची गोळी?"

वनिताचं तोंड उघडलं. शब्द यायच्या आत खाटेवरून आवाज आला, खोल, विहिरीतून आल्यासारखा.

"मीच मांगली. ती देत न्हवती. मी वरडलो म्हनून दिली."

वनिता त्यांच्याकडे बघत राहिली. मीही. ह्या माणसानं जन्मात कधी स्वतःची चूक कबूल केली नव्हती, आणि आता कबूल केली ती न केलेली.

तिथून त्यांना नव्या मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मुलगा ट्रेलर सोडून आला, मानेचं ऑपरेशन झालं. आयसीयूत त्यांच्या मनगटात सुई खुपसलेली, डोक्याशी पडदा, पडद्यावर दाबाचा आकडा सारखा हलता. तिथल्या तरुण डॉक्टरांनी आम्हाला नीट बसवून सांगितलं: मणक्यातली मुख्य दोरी चेपली आहे, सुजली आहे. तिचा जो भाग अजून जिवंत आहे त्याला रक्त मिळालं तर तो वाचेल. सुजेतून रक्त पोचवायचं तर दाब नेहमीपेक्षा वर ठेवायला हवा. म्हणून पहिला आठवडाभर औषध शिरेतून थेंबाथेंबानं देऊन दाब मुद्दाम चढा ठेवतोय. खाली येऊ द्यायचा नाही.

मुद्दाम चढा! ज्या माणसानं आयुष्यभर मीठ खाल्लं नाही, त्याचा. मला हसूच आलं.

मालकांना हे पटायला अर्थातच वेळ लागला. पडद्यावरचा आकडा बघून ते नर्सला म्हणायचे, "बाय, कमी कर. मी जाईन." ती समजावायची. ते पुन्हा तेच. शेवटी डॉक्टर त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "काका, तुमच्या बोटांना रक्त पोचवतोय आम्ही. कमी करू?" त्यानंतर त्यांनी पडद्याकडे बघायचंच सोडलं. डोळे मिटून विचारायचे, "वर हाय का?" आम्ही वर आहे म्हटलं की "बरा हाय" म्हणायचे. तो "बरा हाय" ऐकवत नसे. वडिलांची खाट त्यांच्या मिटल्या डोळ्यांपुढं असणार, दुसरं काय.

ह्यात आणखी एक माणूस आलं ते त्यांची मुलगी. माणगावला दिलेली, जीभ कात्रीसारखी. बाईला बापाबद्दल माया होती, नाही म्हणत नाही, पण तिला कुणावर तरी खापर फोडल्याशिवाय अन्न जात नव्हतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिनं वनिताला सगळ्यांदेखत विचारलं, "बाबानं मांगली, का तू कोंबलीस?" मग ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी गारीत व्हतात ना?"

"होते," मी म्हटलं. "त्यांनी मागितली. दोनदा मागितली. ही नको म्हणत होती."

दोनदा हे मी माझ्या पदरचं घातलं. शाळेत पोरं खोटं बोलली की मी त्यांना बाकावर उभी करते. त्या दिवशी मला काडीची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

मुलगी गप्प बसली, पण तिचे डोळे बसले नाहीत. आणि वनिता मनातून त्याच गाडीत बसून राहिली. तिनं एकदा डॉक्टरांना गाठून विचारलंच, त्या गोळीनं झालं का सगळं? ते म्हणाले, मान पडतानाच मोडली होती. एका गोळीनं त्यात किती भर पडली, पडली की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. भला माणूस, खरं बोलला. पण "कुणालाच सांगता येणार नाही" हे घेऊन बाईमाणसानं झोपायचं कसं?

मालक घरी आले ते खांदे आणि कोपर हलवणारे, बोटं नाहीत, पाय नाहीत. लघवीला नळी. त्यांना खाटेवर जरा उठतं केलं की डोळे पांढरे व्हायचे. आता दाब दुसऱ्या तऱ्हेनं छळत होता: बसलं की कोसळायचा. पोटाला रुंद पट्टा आवळायचा, पायात घट्ट मोजे घालायचे, पाठ वीत-वीतभर वर करायची आणि थांबायचं. आणि डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांना आता मीठ द्या, नेहमीसारखं द्या, थोडं जास्तच द्या.

पहिल्या दिवशी वनितानं बोंबलाचं कालवण केलं, मीठ घालून, उघडपणे. मलाही बोलावलं, मी संकष्टी सांगितली नाही. तिनं घास भरवला. मालकांनी बराच वेळ तो तोंडात घोळवला.

"ह्याच्यात मीठ हाय?"

"हाय, बाबा. डॉक्टर बोललं ना."

"मंग पयल्याच्यात काय व्हता? चव तर तीच हाय."

वनिता लाल झाली. मी तिच्याकडे बघितलं. ही बया इतकी वर्षं त्यांच्या कालवणात चिमूटभर मीठ घालत आली होती! आणि माझ्या खोलीत येऊन मीठ चाटायची ते काय मग नाटक? तर नाही, तिला ती चिमूट पुरत नव्हती. मालक हसले. पडल्यानंतर पहिल्यांदा हसले. पोटाच्या पट्ट्यानं त्यांना नीट हसता येईना, खोकला आला, आणि आम्ही दोघी त्यांना धरून हसत बसलो.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मात्र ते ती गोष्ट सांगायचे. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. "माजीच अक्कल खाल्ली कुत्र्यांनी. पोरगी नको बोलत व्हती, मी वरडून गोली घेतली." दर वेळी त्यात नवी भर. एकदा तर त्यांनी तिच्या हातून पट्टी हिसकावली होती, ज्या हाताला तेव्हा बोट हलवता येत नव्हतं त्या हातानं. ऐकणारे मान हलवायचे, आणि वनिता चहाचे कप उचलून आत जायची.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा मुलगी चार दिवस राहायला आली होती. दुपारी तिची हाक ऐकून मी धावले. मालकांचा चेहरा लालबुंद, कपाळावर घामाचे थेंब, डोकं फुटतंय म्हणत होते. तेच जुनं यंत्र लावलं, तर आकडा असा की त्यांनी गावात कुणाचाच एवढा कधी मोजला नसेल. मुलगी किंचाळली, "गोली कुटं हाय? गोली दे त्याला!"

वनिता कपाटापर्यंत गेली. हात दारावर ठेवला. पण दार उघडलं नाही. डॉक्टरांनी घरी सोडताना तिला बजावून सांगितलं होतं की असा दाब अचानक चढला तर आधी त्यांना बसवायचं, आवळलेलं सगळं सैल करायचं आणि कुठं काय अडलंय ते बघायचं. त्यांच्या अंगाला दुखलेलं कळत नाही, ते दाबातून बोंबलतं. पण बाजूला नणंद ओरडत होती, आणि एकदा ह्याच हातानं...

"वनिता," मालक म्हणाले. ते तिला नावानं क्वचितच हाक मारायचे. "तुज्या मनानं कर."

ती परत आली. मला म्हणाली, "बाई, धरा." आम्ही त्यांना उठवून बसवलं, पाय खाटेखाली सोडले. तिनं पोटाचा पट्टा सोडला, मोजे काढले. मग नळीवरून हात फिरवत गेली. मांडीखाली नळी दुमडून चपटी झाली होती. तिनं ती सरळ केली, आणि पिशवीत भराभर लघवी उतरायला लागली. आकडा खाली येत गेला. मालकांच्या चेहऱ्यावरची लाली उतरली. मुलगी भिंतीशी बसून रडत होती. वनितानं तिच्या हातात पंखा दिला आणि म्हणाली, "ताई, वारा घाला त्यांना."

त्या दिवसापासून मुलीनं तो प्रश्न पुन्हा काढला नाही. मला वाटलं, संपलं हे.

मालक त्याच पावसाळ्यात गेले. छातीत कफ झाला, तो काढायला लागणारं बळ त्यांच्यात नव्हतं. शेवटचे दिवस दवाखान्यात गेले. दाब अगदी शेवटपर्यंत चांगला होता, आणि ते सांगायला त्यांचा आवाज उरला नव्हता. ज्या खाटेला ते जन्मभर घाबरले ती त्यांना भोगावी लागलीच. मला ह्या गोष्टीचा अजून राग येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, मुलगा पुन्हा ट्रेलरवर गेला. वनिता माझ्या दारात आली. कैरी नव्हती, काही नव्हतं.

"बाई, तुमी तवा खोटं बोललात. हॉस्पिटलात."

मी कपड्यांच्या घड्या करत होते, तशीच थांबले. "अगं, कशाला आता..."

"राग न्हाय. मी बाबांला पन बोललेली, दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी. म्हटला, बाबा, तुमी लोकांना सांगता, पन तुमी गोली मांगली न्हवती. मीच दिली. तुमी खाटेवर परलात ते माज्यामुलं असंल तर मना सांगा. मी आयकीन."

"मग?"

"मंग बाबा बोललं, माजा हात हलत न्हवता, पाय हलत न्हवता, पन तोंड माजंच व्हतं ना? तू गोली धरलीस. तोंड कुनी उघारला? मी उघारला. मना थुकता आली असती. तू दिलीस म्हनून मी गिललो. मंग मी खोटं काय सांगतो?"

हे सांगताना ती रडली नाही. रडले ते मी, आणि तिनं आत जाऊन मला पाणी आणून दिलं.